मदत हवी आहे: कॉम्प्युटरवर सारखे व्हायरसचे मेसेज

निशिगंधा_सातारा
घरच्या कॉम्प्युटरवर सारखा ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ असा मेसेज येतोय. स्कॅन केलं, काही सापडलं नाही. शिवाय क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं, बदललं तरी परत तेच. बाबांना उद्या सोसायटीच्या सभेची नोटीस काढायची आहे. काय करायचं ते पटकन सांगा, प्लीज.

खडकवासला
विंडोज कोणतं? मेसेज नेमका कुठे येतो, पानावर की खाली उजव्या कोपऱ्यात? आणि हे सुरू व्हायच्या आधी काय टाकलं होतं?

रोखठोक
फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम. शोधत बसण्यात अर्थ नाही.

मिंटप्रेमी
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. माझी आई सुद्धा वापरते, कटकट नाही.

निशिगंधा_सातारा
विंडोज १०. खाली उजव्या कोपऱ्यात. बाबांनी मराठी टायपिंगचं काहीतरी उतरवलं होतं. लिनक्स नकोय मला.

खडकवासला
मग तो मेसेज व्हायरसचा नाही, म्हणून स्कॅनमध्ये सापडत नाही. चौकोन नीट बघा, क्रोमचं चिन्ह आणि बारीक अक्षरात एखाद्या साइटचं नाव असेल. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं सांगून त्या साइटने नोटिफिकेशनची परवानगी घेतलेली असते. क्रोमच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथून अनोळखी नावं काढा.

सर्चचं पान हा वेगळा प्रकार. तो बहुतेक टायपिंगच्या फाइलसोबत आला. क्रोमच्या एक्स्टेन्शन्समध्ये (क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅम्समध्ये) बघा. ‘रिमूव्ह’ दाबता येत नसेल आणि मेन्यूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसत असेल, तर त्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसी (बदलता न येणारा नियम) लिहून ठेवली आहे. घरच्या कॉम्प्युटरवर कसली आली ऑर्गनायझेशन! असलं नको ते काढणारं मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडब्ल्यूक्लीनर फुकट आहे, ते चालवा.

विदर्भवासी
फुकटचं काही टाकू नका. पैसे देऊन चांगला अँटिव्हायरस घ्या. मी दरवर्षी घेतो.

खडकवासला
दादा, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, पुरतो. फक्त त्यातलं ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ (नको असलेली ॲप्स अडवणं) चालू आहे का ते बघायचं. असली सॉफ्टवेअर ‘पुढे, पुढे’ दाबताना आपल्याच परवानगीने शिरतात, म्हणून पैसे भरलेला अँटिव्हायरसही पुष्कळदा त्यांना हात लावत नाही.

लेखणी
मराठी टायपिंगसाठी काही उतरवायची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) आहे. लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडा.

गोयंकार
फोनेटिकची सवय लावू नका, इनस्क्रिप्टच (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिका. आठवड्यात हात बसतो.

निशिगंधा_सातारा
नोटिफिकेशन्स थांबली, थँक्यू! पण आत्ता बाबा म्हणाले की मेसेजमध्ये नंबर होता, त्यावर त्यांनी परवा फोन केला होता. त्या माणसाने एक ॲप टाकायला लावलं आणि माउस स्वतःच हलवत होता. पैसे दिले नाहीत. मग ठीक ना?

खडकवासला
ताई, ठीक नाही. आधी नेट काढा, वायर किंवा वायफाय, आत्ता. परवापासून बाबांनी त्यावर नेटबँकिंग उघडलं का?

निशिगंधा_सातारा
काल वीजबिल भरलं.

खडकवासला
मग बँकेच्या अधिकृत नंबरवर आत्ताच फोन करून नेटबँकिंग बंद करायला सांगा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नाही. एक रुपया जरी गेलेला दिसला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड. आणि आता रोखठोक म्हणतात तेच करा. परक्या माणसाच्या हातात कॉम्प्युटर होता, त्याने काय ठेवलंय याची खात्री कुठलंच स्कॅन देणार नाही.

रोखठोक
फोटो आणि वर्डच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या. एक्सई (.exe, म्हणजे प्रोग्रॅमची) फाइल एकही नको, टायपिंगची तर मुळीच नको. विंडोज नव्याने टाकायचा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बनवा. बाबांना रागावू नका.

मिंटप्रेमी
फॉरमॅट करताच आहात तर मिंट…

निशिगंधा_सातारा
नेटबँकिंग बंद केलं. पैसे गेलेले दिसत नाहीत. बाबा फार घाबरलेत. नोटीस शेजारच्या काकांकडून काढून घेतोय. फॉरमॅटनंतर प्रिंटरचा ड्रायव्हर कुठून घ्यायचा?

लेखणी
प्रिंटरच्या कंपनीच्याच साइटवरून. पत्ता खोक्यावर असतो, तो टाइप करा. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात येते, त्या लिंकवर जाऊ नका.