ऑफिसच्या पॉलिसी: तुम्हाला हवं ते उत्तर सापडलं का? (अनुभव धागा)

गारवा
भाची नुकतीच नोकरीला लागली, पहिलीच नोकरी. ऑफर लेटरबरोबर हॅण्डबुकची भली मोठी पीडीएफ आली आणि काल तिचा मेसेज, "मावशी, प्रोबेशनमध्ये आजारी पडले तर पगार कापतात का गं?" फोनवर बोलत बोलत दोघी शोधत बसलो. रजेच्या प्रकरणात लिहिलंय सिक लीव्ह पात्र कर्मचाऱ्यांना, पात्र कोण ते व्याख्यांमध्ये, व्याख्या म्हणतात प्रोबेशनचं प्रकरण बघा, आणि तिथे काय तर व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार. म्हणजे शेवटी मॅनेजरलाच विचारायचं.

मला एकदम सासऱ्यांचं ऑपरेशन आठवलं. घरच्यांच्या आजारपणासाठी वेगळी रजा होती आमच्याकडे, पण त्यात सासू-सासरे धरायचे का हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एचआरमधली एक म्हणाली हो, दुसरी म्हणाली नाही, शेवटी मी माझ्या खात्यातली रजा टाकली. नंतर कळलं शेजारच्या टीममध्ये एकाला सासूसाठी तीच रजा मिळाली होती. हॉस्पिटलच्या बाकावर बसून रजेचे मेल लिहायची वेळ कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

लिहा तुमचेही अनुभव. वाईटच हवेत असं नाही, कुणाकडे हे नीट लिहिलेलं असेल तर ते आधी लिहा.

पायवाट
बिलं!! ३० दिवसांच्या आत सादर करावीत, बरं, पण कधीपासून ३०? खर्च केला तेव्हापासून की परत आलो तेव्हापासून? आम्ही साइटवर दीड-दोन महिने असतो, पहिल्या आठवड्याची बिलं परत येईस्तोवर बाद झालेली, अकाउंट्सवाला बिचारा म्हणतो सिस्टीमच घेत नाही मी काय करू. एवढी एक ओळ घातली असती तर त्याचा आणि आमचा दोघांचा ताप वाचला असता.

उंबरा
+१ पायवाट. आमच्याकडे 'वाजवी खर्च' मिळेल. वाजवी किती ते साहेबाच्या मूडवर.
गारवा, सासरे बरे आहेत ना आता?

गारवा
हो गं, ठणठणीत. रोज फिरायला जातात.

चौकट
मी एचआरमध्येच आहे, पॉलिसी लिहायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून दुसरी बाजू लिहिते. मुद्दाम कुणी अवघड लिहीत नाही. आधीच्या कंपनीतून आलेल्या कुणीतरी तिथला मजकूर आणलेला असतो, त्यावर वकील दोन परिच्छेद चढवतात, फायनान्स एक अट घालतं, दरवर्षी एक ठिगळ, आणि जुनं कुणी काढतच नाही कारण काढायची जबाबदारी कुणाचीच नसते. 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' हे तर भीतीपोटी येतं, उद्या एखादी वेगळी केस आली तर हात बांधलेले नकोत म्हणून. पण त्याची किंमत सगळेच मोजतात, कारण मग प्रत्येक मॅनेजर आपापला नियम चालवतो.

आम्ही एकदा काय केलं, एचआरच्या मेलबॉक्समध्ये लोक खरंच काय विचारतात ते काढून बघितलं. रजा, बिलं, पगाराची स्लिप, विमा, नोटीस पिरियड, तेच तेच प्रश्न फिरून फिरून. मग प्रकरणं मोडून त्या प्रश्नांप्रमाणे पानं केली. हे मला लागू आहे का, किती मिळतं, कधीपर्यंत कळवायचं, कुठे अर्ज करायचा, मंजुरी कोण देतो, नाही म्हटलं तर कुणाकडे जायचं. या क्रमात प्रत्येक पान. कायदेशीर मजकूर आहे तसा खाली ठेवला, वकिलांचीही हरकत नव्हती.

आणि हिशोब करून दाखवायचा, हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. 'रजा प्रो-राटा मिळेल' यावर दर नव्या माणसाचा मेल यायचा. त्याखाली एवढंच घातलं: वर्षाला १८ रजा, म्हणजे महिन्याला दीड, तुम्ही १ ऑक्टोबरला रुजू झालात तर डिसेंबरअखेर साडेचार. मेल बंद.

छापण्याआधी नवीन लागलेल्या मुलांना समोर बसवून म्हणायचो, यात शोधून सांग तुला बहिणीच्या लग्नाला किती दिवस घेता येतील. वाचून कळलं का असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, शोधायला सांगितलं की खरं कळतं. सोप्या भाषेसाठी २०२३ साली आंतरराष्ट्रीय मानक पण आलंय, आयएसओ २४४९५-१, त्यात हेच आहे, वाचणाऱ्याला हवं ते असावं, ते सापडावं, समजावं आणि वापरता यावं. नुसती वाक्यं छोटी करून भागत नाही.

कोराकागद
चौकट ताई तुमचा प्रतिसाद आमच्या एचआरला पाठवू का? नाव न घेता.

चौकट
खुशाल पाठवा.

निळीशाई
कुणीतरी सँडविच लीव्ह समजवा रे. तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी वेगळं वाटलं

पायवाट
शुक्रवार रजा आणि सोमवार रजा टाकली तर मधले शनि-रवि पण रजेत धरतात, म्हणजे दोनच्या जागी चार कापल्या जातात. बऱ्याच ठिकाणी फक्त सोमवार घेतला तर नाही धरत. पण मधे जाहीर सुट्टी असेल तर? आजारी असाल तर? हे तुमच्याकडे काय आहे ते लेखी विचारून घे, तोंडी नको.

निळीशाई
ओह्ह म्हणून माझ्या चार गेल्या 😭 थँक्यू

शिफ्टवाला
तुम्ही सगळे लॅपटॉपवाले आहात म्हणून लिहितो. आमच्या प्लांटमध्ये हॅण्डबुक पोर्टलवर, आणि मशीनवरच्या निम्म्या लोकांना कंपनीचा मेल आयडीच नाही, लॉगिन कुठून करणार. बदली सुट्टीचं असं होतं की साप्ताहिक सुट्टीला काम केलं तर ती ठराविक मुदतीत घ्यायची नाहीतर गेली. हे माहीतच नाही कुणाला, लोक सणासाठी म्हणून साठवून ठेवायचे आणि सण यायच्या आत ती बाद व्हायची. एक वयस्क ऑपरेटर आहेत आमच्याकडे, त्यांच्या अशाच गेल्या, तेव्हा ते काही बोलले नाहीत नुसता कार्ड घेऊन निघून गेले, फार लागलं मला ते. नंतर युनियन आणि एचआर बसले, आता पगाराच्या स्लिपवरच खाली छापून येतं, किती बदली सुट्ट्या शिल्लक आणि कुठल्या तारखेला संपणार. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर महिन्यातून एकदा वाचून पण दाखवतो. पोर्टल नको, ॲप नको, स्लिप सगळे बघतात.

उंबरा
शिफ्टवाला दादा 🙏 स्लिपवर छापायची आयडिया एकदम बरोबर. कुणाला तरी सुचायला पाहिजे होतं आधीच.

सायलीचा वेल
माझं बाळंतपणाच्या रजेचं. मॅनेजर म्हणाला दत्तक घेणाऱ्यांना आपल्याकडे काही नाही. मी (आम्ही दत्तक घेतोय) ते खरं मानून बिनपगारी रजेचा अर्ज तयार ठेवला होता, मैत्रिणीने सहज इंट्रानेटवर शोधलं तर दत्तकासाठी स्वतंत्र रजा होती!! पण 'मॅटर्निटी'च्या पानात शेवटी, आमच्यासारखं कोण तिथे बघणार. मॅनेजरलाही खरंच माहीत नव्हतं, त्याचा राग नाही. बाबांच्या रजेचं पण तसंच, ती तर 'इतर'मध्ये. मूल घरी येतंय असं एकच पान करा ना, आई, बाबा, दत्तक सगळं एका जागी.

गारवा
अगं किती छान बातमी!! बाळ कधी येतंय?

सायलीचा वेल
कागदपत्रं चालू आहेत, बघू. तारीख सांगत नाहीत ते.

उंबरा
अभिनंदन गं ❤️ विपू (विचारपूस, म्हणजे वेगळा निरोप) करते.

आडवाट
गंभीर लिहितेय. छळाच्या तक्रारीची पॉलिसी आमच्याकडे बारा-पंधरा पानांची, आणि तक्रार कुणाकडे तर 'संबंधित समितीकडे'. समितीत कोण, फोन काय, काहीच नाही. ज्युनिअर मुलगी माझ्याकडे आली, तिचा प्रश्न एवढाच होता की रात्री व्हॉट्सॲपवर येणारे मेसेज यात बसतात का, ऑफिसच्या बाहेरचे आहेत ना. ते कुठेच नव्हतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार आहे, त्यात कामासंबंधीचे मेसेज, कामाचे दौरे, जाण्यायेण्याचा प्रवास हे सगळं धरलंय, शिकाऊ आणि इंटर्नसुद्धा. ज्याला अशा वेळी पॉलिसी उघडावी लागते त्याचे हात थरथरत असतात, पहिल्या पानावर नाव आणि नंबर पाहिजे, आणि तक्रार केल्यावर पुढे काय होतं, किती दिवसांत, कुणाकुणाला कळेल, हे त्याच्या लगेच खाली.

चौकट
आडवाट, शंभर टक्के. आणि समितीतलं कुणी सोडून गेलं की त्याच दिवशी नाव बदलायचं. हे राहून जातं आणि मेल बंद पडलेल्या पत्त्यावर जातात. ती मुलगी ठीक आहे का?

आडवाट
ठीक आहे आता. टीम बदलून मिळाली, त्याला काढलं.

निळीशाई
आमच्या चॅटबॉटला नोटीस पिरियड विचारला तर त्याने जुन्या पॉलिसीतला सांगितला, नवीन पीडीएफ दिलीच नव्हती त्याला. फाइलवर तारीख पण नाही. फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' अशा पडल्यात, नक्की कुठली चालू?

कोराकागद
हेच! आणि बदल केला की मेल येतो 'सुधारित पॉलिसी जोडली आहे, कृपया वाचून मान्य करा'. काय सुधारलं ते सांगतच नाहीत, सगळे डोळे मिटून मान्य करतात कारण नाही केलं तर रोज रिमाइंडर. त्यात मागच्या वेळी रजा पुढच्या वर्षी नेता येणं बंद झालं होतं, आम्हाला जानेवारीत कळलं.

शिफ्टवाला
कोराकागद, आमच्याकडे आता मेलच्या पहिल्या ओळीत असतं काय बदललं, कधीपासून, कुणाला लागू, आधी काय होतं. नोटीस बोर्डवर पण तेच लागतं. मागितलं म्हणून मिळालं, तुम्ही पण चार-पाच जण मिळून लिहून द्या.

कोराकागद
सोमवारी देतो. चौकट ताई मसुदा टाकला तर बघाल का जरा?

चौकट
बघते, विपूत टाका. रविवारी रात्री वेळ आहे.