दक्षिणेकडच्या नट-दिग्दर्शकांची वाटचाल : तुम्ही जवळून काय पाहिलंत?

मी 2006 ला बेंगळुरूला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसली. रिक्षाच्या मागच्या काचेवर, रिक्षा स्टँडच्या बोर्डावर, जिकडे बघावं तिकडे एकाच माणसाचा फोटो. मला वाटलं इथला कोणी पुढारी असेल. एका रिक्षावाल्याला विचारलं तर त्याने रिक्षा चक्क बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून सांगायला लागला, शंकर नाग सर, 'ऑटो राजा'! 1980 चा सिनेमा. तो रिक्षावाला विशीतला होता, म्हणजे सिनेमा त्याच्या जन्माच्या आधीचा.

मग मी शोधत गेलो. होन्नावरकडचा हा माणूस मुंबईत मराठी नाटकात वाढला, आपल्या '22 जून 1897' च्या पटकथेत त्याचा हात आहे, गिरीश कर्नाडांनी 1978 मध्ये त्याला पहिल्यांदा कन्नड पडद्यावर आणलं, आणि मग अभिनय, दिग्दर्शन, आगुंबेला जाऊन दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' मालिका, सगळं बारा वर्षांत. 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळ गाडीला अपघात झाला आणि गेला. वय 35. त्याच्या बायकोने, अरुंधती नागांनी, पुढे 2004 मध्ये बेंगळुरूतच जे.पी. नगरला रंग शंकरा हे नाट्यगृह उभं केलं, मी तिथे आजवर शंभरेक नाटकं तरी बघितली असतील.

कुठल्या सिनेमाने किती कोटी कमावले ते रोज वाचतोच आपण. मला हे ऐकायचंय की तिकडचे लोक घडतात कसे, किती वर्षं थांबतात, कुणाच्या हाताखाली शिकतात, ज्यांचं नाही झालं त्यांचं काय होतं. तुमच्यापैकी बरेच जण चेन्नई, हैदराबाद, केरळात राहिलेत. स्वतः बघितलेलं, घरात घडलेलं, आठवेल तसं लिहा.

*

सालिग्रामम रिटर्न

चेन्नईत 2011 ते 2016 आयटीत होतो, सालिग्राममला भाड्याने राहायचो. वडपळणी, कोडंबाक्कम, सालिग्रामम हा सगळा पट्टा सिनेमावाल्यांचा. माझ्या शेजारच्या खोलीत चार जण, चौघंही असिस्टंट डायरेक्टर. असिस्टंट म्हटलं की आपल्याला नोकरी वाटते, पण तसं नसतं, शूटिंग चालू असेल तेवढे दिवस बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, आणि शूटिंग नसेल तर काहीच नाही. सकाळी चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि कुणाचं 'डिस्कशन' सुरू झालंय का त्याची बातमी काढायची. डिस्कशन म्हणजे दिग्दर्शक आपल्या असिस्टंटांना घेऊन एका खोलीत बसून महिनोन्महिने कथा पिंजतो ते.

त्यातला एक, मदुराईकडचा, माझा चांगला दोस्त झाला. त्याच्याकडे स्वतःची एक कथा होती, ती तो तोंडी सांगायचा. तिकडे निर्मात्याला नुसतं बाड नेऊन दिलं की झालं असं नसतं, समोर बसून दोन-अडीच तास आख्खा सिनेमा सांगावा लागतो, गाणं कुठे, इंटरव्हल कुठे, सगळं. मला तमिळ जेमतेम समजायचं तरी त्याने मला तीनदा सांगितला. आपल्याकडे कीर्तनकार जसा आख्यान लावतो ना, तसंच. तिसऱ्या वेळी मी रडलो. दिग्दर्शक वेट्रीमारन आधी बालू महेंद्रांच्या हाताखाली कितीतरी वर्षं होता, हे उदाहरण त्या खोलीत देवाच्या फोटोसारखं होतं, आणि पुढे मी चेन्नई सोडल्यावर दिग्दर्शक रामकडे असिस्टंट असलेला मारी सेल्वराजही 2018 ला 'परियेरुम पेरुमाळ' घेऊन आला. नट विजय सेतुपतीचं नाव तर रोजच निघायचं, दुबईत अकाउंटंट, मग कूत्तु-प-पट्टरै नाटक मंडळीतही हिशेब लिहायला, मग छोटी छोटी कामं, आणि 2010 ला कुठे पहिला हिरोचा रोल.

त्याच सुमाराला शॉर्ट फिल्मवाल्यांची लाट आली, टीव्हीवर 'नाळैय इयक्कुनर' कार्यक्रमात शॉर्ट फिल्म दाखवून कार्तिक सुब्बराजसारखे थेट सिनेमात आले. खोलीतल्या चौघांना याचं फार लागलं होतं. दहा वर्षं चहा आणून देत शिकायचं आणि कुणीतरी सॉफ्टवेअरवाला शनिवार-रविवारी शूट करून पुढे जाणार. मी पण सॉफ्टवेअरवाला, मला काय बोलावं कळायचं नाही.

2015 ला माझ्या मित्राला निर्माता मिळाला. पूजा झाली, मी ऑफिस बुडवून गेलो होतो, नारळ फोडला, कॅमेऱ्याला हार. अकरा दिवस शूटिंग झालं आणि पैसे लावणाऱ्याने हात काढून घेतला. हार्ड डिस्क अजून त्याच्या घरी कपाटात आहे. आता तो मदुराईला लग्नांचे व्हिडिओ करतो. मागच्या पोंगलला फोन केला तर म्हणाला, नवीन कथा आहे, वेळ आहे का? दोन तास वीस मिनिटं ऐकली. चांगली आहे हो. खरंच चांगली आहे.

*

फौजी सातारा

मी लष्करात होतो, निवृत्त आहे. तमिळनाडूत निलगिरीतल्या वेलिंग्टनला पोस्टिंग असताना आमचा एक तमिळ हवालदार होता, त्याने एका रविवारी टीव्हीवर 'भारती' लावला. 2000 सालचा सिनेमा, कवी सुब्रमण्य भारतींच्या आयुष्यावर. तो हवालदार एरवी कडक माणूस, पण शेवटाकडे डोळे पुसत होता. मला म्हणाला, सर हा नट बघा, असा भारती परत होणार नाही. मी म्हणालो अरे हा आमचा सयाजी, सयाजी शिंदे, आमच्या साताऱ्याचा! त्याचा विश्वासच बसेना. त्याला वाटत होतं तिरुनेलवेलीकडचा कोणीतरी आहे. मी सांगितलं की पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी करत करत नाटक केलेला माणूस आहे हा, त्याला तमिळ काही येत नव्हतं. त्यानंतर मेसमध्ये माझी ओळख 'भारतीच्या गावचा' अशीच झाली. त्या दिवशी वाटलेला अभिमान मेडल मिळाल्यावर वाटतो तसाच होता. निवृत्तीनंतर त्यांच्या झाडं लावायच्या कामाला दोनदा जाऊन आलो, खड्डे खणले.

*

विट्याची लेक

आमच्या खानापूर-विटा भागातले गलाईवाले सगळ्या दक्षिणेत पसरलेत हे बऱ्याच जणांना माहीत असेल. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं काम. माझे वडील 1979 ला त्रिशूरला गेले, मी तिथेच जन्मले, शाळा मल्याळममध्ये, घरात मात्र पक्की माणदेशी मराठी. दर दिवाळीला गावी आलो की चुलत भावंडं विचारायची तुमच्याकडे कुठले हिरो, आणि मी मामुट्टी-मोहनलाल सांगायचे तर त्यांना ती नावं म्हणजे खायचा पदार्थ वाटायची.

पण मला लिहायचंय इंद्रन्सबद्दल. नव्वदच्या दशकात प्रत्येक सिनेमात एक काडीसारखा बारीक माणूस असायचा, त्याला कोणीतरी उचलून फेकायचं, त्याची पँट सुटायची, वाऱ्याने उडेल असं काहीतरी बोलायचे आणि थिएटर हसायचं. आमच्या शाळेत कुणी बारीक मुलगा असला की त्याला 'इंद्रन्स' म्हणायचे. मीसुद्धा म्हणलेय, आमच्या वर्गातल्या एकाला, त्याचा चेहरा अजून आठवतो.

तो मूळचा शिंपी. तिरुअनंतपुरमचा, चौथीनंतर शाळा सुटली, मामाकडे शिवणकाम शिकला, सिनेमात आला तो कपडे शिवायला, आणि मग कुठे कुठे छोटं काम मिळत गेलं. इंद्रन्स हे नाव पण त्याच्या टेलरिंगच्या दुकानाचं. म्हणजे बाकीची नटमंडळी सेटवर संवाद पाठ करत असायची तेव्हा हा त्यांच्या बाह्या आत घेत असायचा. पुढे तसल्या विनोदाचा जमाना गेला आणि मला वाटलं हा पण गेला. तर 2018 मध्ये 'आळोरुक्कम'साठी राज्य सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यालाच! हरवलेल्या मुलाला शोधत फिरणारा म्हातारा ओट्टन तुळ्ळल कलावंत, म्हणजे नाचत-गात गोष्ट सांगायची केरळातली लोककला करणारा. तेच बारीक अंग, तेच पुढे आलेले खांदे, आणि आता कुणीही हसत नव्हतं.

2021 ला 'होम' आला, थेट ओटीटीवर. तेव्हा माझ्या वडिलांनी दुकान माझ्या भावाकडे दिलं होतं, फुप्फुसं बिघडलेली, गलाईच्या धुरात आणि ॲसिडच्या वाफेत चाळीस वर्षं. त्यांना स्मार्टफोन नीट यायचा नाही आणि आम्ही भावंडं चिडायचो, हजारदा सांगितलंय ना म्हणून. 'होम'मध्ये अगदी हेच आहे, मुलांच्या जगात आपल्याला जागा नाही असं वाटणारा बाप, मोबाईल शिकायला धडपडणारा. आम्ही तिघं एका खोलीत बसून बघत होतो, कुणी कुणाकडे बघेना. सिनेमा संपल्यावर वडील फक्त एवढंच म्हणाले, "शिंपी हाय त्यो. मापात बसवलंय सगळं."

मग मी त्यांना त्यांच्याच फोनवर व्हॉट्सॲपला फोटो कसा पाठवायचा ते शिकवलं, न चिडता, दीड तास. पहिला फोटो त्यांनी भट्टीचा पाठवला. वडील पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर इंद्रन्सला 'होम'साठी राष्ट्रीय पुरस्कारात स्पेशल मेन्शन मिळालं आणि 2024 मध्ये तो सातवीच्या समतुल्य परीक्षेला बसून पास झाला, ती बातमी मी वडिलांच्या त्याच नंबरवर पाठवली. नंबर आता भावाकडे असतो.

*

सबटायटलवाली

विट्याची लेक, वाचून बराच वेळ काही सुचेना.

मी मल्याळम शिकून सबटायटल करते, पुण्यातूनच, कधी कधी सेटवर जावं लागतं. केरळ म्हटलं की सगळे चांगल्या सिनेमाबद्दल बोलतात, बोलावंच, पण बायकांची वाटचाल वेगळी असते तेही इथे यायला हवं. अगदी पहिल्यापासून. मल्याळममधल्या पहिल्या सिनेमाची नायिका पी.के. रोझी, दलित बाई, तिने पडद्यावर नायर बाईचं काम केलं म्हणून लोकांनी तिला गावातून पळवून लावलं, तिचं करिअर एका सिनेमात संपलं. ज्यांनी तो काढला ते जे.सी. डॅनियल पण कर्जबाजारी झाले, आता त्यांच्या नावाने केरळ सरकारचा सर्वांत मोठा सिनेमा पुरस्कार आहे.

मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल 2019 च्या डिसेंबरमध्ये सरकारला दिला गेला आणि लोकांसमोर यायला 19 ऑगस्ट 2024 उजाडला. मी तो त्या रात्री बसून वाचला. छळाच्या भागाबद्दल सगळीकडे लिहून आलंय. मला मात्र एका साध्या गोष्टीपाशी थांबावं लागलं, सेटवर बाथरूम नसतं म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. कारण मी हे स्वतः केलंय. एका डोंगरातल्या शूटिंगला, तीन दिवस, सकाळी सहापासून. ज्युनियर आर्टिस्ट बायकांनीच मला पहिल्या दिवशी हळूच सांगितलं होतं, चहा घेऊ नकोस. त्यातल्या एकीला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता तरी ती येत होती, पंधरा वर्षं येत होती. तिच्या नावाचं सबटायटल मी कधीच केलं नाही, कारण नामावलीत ते नसायचंच.

*

बेळगावकर

आमच्या घरात कन्नड सिनेमा बघायचा नाही असा नियम नव्हता पण कोणी बघायचं नाही, बेळगावात राहणाऱ्याला जास्त सांगायला नको. मी बेंगळुरूला नोकरीला लागल्यावर रूममेटमुळे पुनीत राजकुमारचे सिनेमे बघायला लागलो. 1985 ला 'बेट्टद हूवु'साठी बालकलाकार म्हणून राष्ट्रीय पुरस्कार, मग मोठा गॅप, आणि 2002 ला 'अप्पू'. कन्नडचे मोठे नट डॉ. राजकुमारांचा मुलगा म्हणून दार उघडं होतं हे खरंच, पण माणूस लोकांना आपला वाटायचा.

29 ऑक्टोबर 2021, शुक्रवार. दुपारी ऑफिसात पुनीत गेल्याची बातमी आली, 46 वर्षं फक्त. मी रूममेटबरोबर कंठीरवा स्टेडियमला अंत्यदर्शनाच्या रांगेत उभा राहिलो, पहाटेपर्यंत. रांगेत माझ्या पुढे एक भाजीवाली मावशी होती, ती मला घरचा मुलगा गेल्यासारखं सांगत होती आणि मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये हो हो म्हणत होतो. वडिलांसारखेच त्याचेही डोळे दान केले होते. पुढच्या महिन्यात मी आणि रूममेट दोघांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला.

मार्चमध्ये त्याच्या वाढदिवसाला 'जेम्स' लागला, त्यात त्याला आवाज थोरल्या भावाने, शिवराजकुमारने दिला होता. तो मी बेळगावात बघितला, आईला घेऊन. आईचा तो पहिला कन्नड सिनेमा. तिला भाषा कळत होती, इतकी वर्षं बाजारात बोलतेच की. बाहेर आल्यावर म्हणाली, भावाच्या तोंडून भाऊ बोलतोय, कसं केलं असेल रे त्याने.

*

कारवारची

उशिरा लिहितेय. मी हेग्गोडूच्या नीनासममध्ये नाटकाचा वर्षभराचा कोर्स केला, 2019 चं बॅच. शिमोगा जिल्ह्यातलं सुपारीच्या बागांमधलं खेडं, के.व्ही. सुब्बण्णांनी 1949 ला सुरू केलेली संस्था. पहाटे उठून व्यायाम, झाडलोट, मग तालीम. 'कांतारा'तले अच्युत कुमार इथलेच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की इथून निघालं की सिनेमा. तसं काही नसतं. आमच्या बॅचमधले दोघं सिरियलमध्ये, एक शाळेत नाटक शिकवते, एकाने गावी बाग बघायला घेतलीय.

माझी घरची भाषा कोंकणी-मराठी, त्यामुळे माझ्या कन्नडमधले 'ळ' आणि 'ल' कधी कधी घसरतात, दोन ऑडिशनमध्ये त्यावरूनच नको म्हणाले. आता रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने कन्नड पेपर वाचते. 'फौजी सातारा' यांचं वाचलं आणि आईला पण वाचून दाखवलं. परवा मंगळूरला एका सिनेमाची ऑडिशन आहे, मासेवालीचं काम, तीन सीन. बस पहाटे पावणेपाचची आहे.