शब्दचर्चा: हँडल लटपटतं, गाडी डुलते, की सगळंच 'वॉबलिंग'?

जुनंलोखंड: जुन्या बुलेटचं पुढचं काम निघालं की गॅरेजात एकच शब्द ऐकू येतो, 'वॉबलिंग'. याला नेमका मराठी शब्द कोणता? 'डगमगणे' मला पटत नाही, डगमगतो तो निश्चय.

पावइंची: एका शब्दात भागणार नाही, कारण बिघाड एक नाही.

गाडीचं धूड सरळ चाललंय आणि हँडल तेवढं सेकंदाला सात-आठदा डावं-उजवं झटके खातंय, तर ते लटपटणं. साधारण ६० ते ८० च्या वेगात पकड सैल केली की कळतं. कारण पुढच्या बाजूला शोधायचं: वेडावाकडा झिजलेला टायर, आऊट झालेली (वाकडी फिरणारी) रिम, ढिला कोनसेट (कप, कोन आणि छर्रे मिळून होणारा, हँडल ज्यावर फिरतं तो सांधा).

अख्खी गाडी होडीसारखी सेकंदाला दोन-तीन हेलकावे घेते, ते डुलणं. वेग वाढला, मागे सामान बांधलं की वाढतं. मूळ बहुधा मागे असतं: स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, मागच्या टायरात कमी हवा. लोक 'वॉबलिंग' सांगतात, मेकॅनिक कोनसेट बदलतो, गाडी डुलायची ती डुलतेच.

सूतओळंबा: सहमत. त्यात डुगडुगणं घाला, ते टेबलाच्या पायासारखं ढिल्या सांध्याचं. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) खालून धरून मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्याला खालच्या कपाच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला 'टक' लागली की कोनसेट डुगडुगतोय.

जुनंलोखंड: मग कोनसेट घट्ट कसला की झालं?

पावइंची: नाही ना! आधी हँडल हळूहळू फिरवून बघा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर रेसवर (छर्रे धावतात त्या कडीवर) छर्र्यांचे खड्डे पडलेत. तो कसून सुधारत नाही, कप-कोन-छर्रे सगळं नवं लागतं. जुन्या बुलेटला पाव इंची छर्रे ३८, वर १९ आणि खाली १९. ओळीत थोडी फट उरते ती उरू द्या, जास्तीचा छर्रा कोंबू नका.

आणि जास्त कसला तर वेगळंच दुखणं: कमी वेगात गाडी सरळ राहत नाही, सारखं सावरत राहावं लागतं. त्याला मी भरकटणं म्हणेन. चाक अधांतरी असताना हलक्या टिचकीने हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे, आणि 'टक' नको. दोन्ही जमलं की नट लॉक.

सूतओळंबा: 'गाडी एका बाजूला ओढते' हे वेगळं. तिथे गवंड्याचा शब्द चपखल बसतो: चाकं सुतात (एका सरळ रेषेत) नाहीत. चेन ॲडजस्टरच्या खुणांवर जुन्या गाडीत भरवसा नको. मागच्या टायरला दोन ठिकाणी टेकेल अशी दोरी दोन्ही अंगांनी पुढे ताणा. पुढे ३.२५ आणि मागे ३.५० टायर असेल तर पुढच्या टायरला दोन्हीकडे साधारण ३ मिमी सारखी फट दिसली पाहिजे. टायर मोजून घ्या, कंपनीगणिक रुंदी बदलते.

चाकं सुतात असूनही ओढत असेल तर दोन्ही फोर्क नळ्यांवर सपाट काच आडवी धरा. काच डुगडुगली तर नळ्या समांतर नाहीत, चिमटा पिळलाय.

दोनठोकी: फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवला की हँडल चपळ होतं म्हणतात, त्याला शब्द?

पावइंची: 'नाक खाली करणं' म्हणा. १३७० मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १० मिमी सरकवलं तर हेडचा, म्हणजे हँडल फिरतं त्या आसाचा, कोन ०.४ अंशाने उभा होतो आणि ट्रेल (तो आस जमिनीला भेटतो ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर) जेमतेम ३ मिमी घटतो. राजदूत ३५० वर जमतं. जुन्या बुलेटवर नाही, तिच्या नळ्या वर कास्केटमध्ये (हेडलाइटच्या घरात) आट्यांनी बसतात. लटपटणाऱ्या गाडीवर तर हे करूच नका, ट्रेल घटला की लटपट वाढते.

दोनठोकी: आणि कोनसेटलाच गॅरेजात 'बॉल रेसर' म्हणतात, त्यात रेसर कोण?

सूतओळंबा: कोणी नाही. छर्रे ज्या चाकोरीत धावतात ती 'रेस', गॅरेजात तिला 'र' चिकटला. मराठीत 'चाकोरी' म्हणायला हरकत नाही, पण दुकानात मागू नका, मिळणार नाही.