मदत हवी आहे: तैवानमधला ‘स-वू-थांग’ काढा, पाळीतला जास्त रक्तस्राव आणि लोहाच्या गोळ्या

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या तैवानमध्ये, शिंचूला राहते. वय ३८. गेल्या वर्षापासून पाळीत फार जातंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठी पडतात, रात्री उठून पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ७. सोनोग्राफीत एक छोटा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) दिसला. इथल्या डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, दुखलं तर मेफेनॅमिक ॲसिड (आपल्या मेफ्टालमधलंच), आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

आता मुद्दा. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, खालच्याच मजल्यावर राहतात. माझा उतरलेला चेहरा बघून त्या चिनी औषधांच्या दुकानात गेल्या आणि काढ्याच्या कागदी पुड्याच घेऊन आल्या. नाव स-वू-थांग, म्हणजे चार वस्तूंचा काढा. इथे हे आजारपणाचं औषध असं कोणी मानतच नाही. पाळी संपली की मुली चार-सहा दिवस पितात, वयात आलेल्या मुलीला आई करून देते, सुपरमार्केटात तयार बाटल्या मिळतात. मालकीणबाईंच्या तिन्ही मुली यावरच वाढल्या म्हणे.

पुडी उघडून बघितली. तांग-क्वेइ (ॲंजेलिका सायनेन्सिस) या मुळाचे पातळ उभे काप. वास थेट ओवा-अजमोद्याच्या वळणाचा, आणि वनस्पती त्याच कुळातली आहे. छ्वान-श्योंग हेही त्याच कुळातलं, गाठीदार. पाय-शाओ म्हणजे पांढऱ्या पिओनीच्या मुळाच्या चकत्या. चौथं शू-ती, रेहमानियाचं मूळ तांदळाच्या दारूत मुरवून पुन्हा पुन्हा वाफवून वाळवलेलं. काळंकुट्ट, काकवीत बुडवलेल्या खारकेसारखं बोटांना चिकटतं. तीन वाट्या पाणी घालून एक वाटी होईपर्यंत उकळायचं, अशी मालकीणबाईंची पद्धत. त्यांच्या घरी यात कोंबडी आणि तांदळाची दारू पण पडते. आम्ही शाकाहारी, त्यामुळे कोंबडीच्या जागी लाल खजूर (इथला, बोरासारखा) घालू म्हणाल्या.

विचारायचं असं की लोहाच्या गोळ्यांबरोबर हे चालेल का? फायब्रॉइड असताना घ्यावं का? यातून हिमोग्लोबिन वाढतं का? आणि त्यांनी प्रेमाने नाशिकला सासूबाईंसाठीही पुड्या दिल्यात. सासूबाईंची हृदयाची झडप बदललेली आहे, त्या वॉर्फरिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) आहेत. पाठवू का? मालकीणबाईंना तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतंय. जाणकारांनी सांगावं.

– शिंचूकर

*

सासूबाईंच्या पुड्या अजिबात पाठवू नका. बाकीचं वाचण्याआधी हे लिहितेय.

तांग-क्वेइ आणि वॉर्फरिन यांचं जमत नाही. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस आहे: चाळिशीतली बाई, वॉर्फरिनवर व्यवस्थित स्थिर. तांग-क्वेइ सुरू केल्यावर चारेक आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दुपटीहून जास्त झाला. दुसरं काही कारण सापडलं नाही, आणि ते बंद केल्यावर महिनाभरात आकडा जागेवर आला. कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा आयएनआर वर गेला तर रक्तस्रावाचा धोका, खाली आला तर झडपेवर गुठळी. तिथे प्रयोग नकोत.

आता तुमचं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, चिनी वैद्यकातली नाही. माझा पहिला प्रश्न: फायब्रॉइड नेमका कुठे आहे? रिपोर्ट काढून बघा. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारा (सबम्युकोजल) असेल तर छोटा असूनही धो धो रक्त जाऊ शकतं. बाहेरच्या बाजूचा लिंबाएवढा असला तरी पाळीला बहुतेक वेळा त्याचं काही नसतं. “छोटा आहे” एवढ्यावर समाधान मानू नका. थायरॉइड तपासलंय का? वयात आल्यापासूनच पाळी जास्त असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्त नीट न गोठण्याच्या दोषाची तपासणीही हवी.

काढ्याने हिमोग्लोबिन वाढेल या भरवशावर राहू नका. फेरिटिन ७ म्हणजे लोहाची कोठी रिकामी आहे, ती लोहानेच भरते. चिनी वैद्य ज्याला रक्ताची कमतरता म्हणतात त्यात चेहरा फिका, झोप उडालेली, पाळी कमी असं सगळं येतं. तुमचा लॅबचा आकडा हा वेगळा हिशेब आहे.

पुरावा विचाराल तर याच काढ्याची तैवानमध्येच चाचणी झालीय, पाळीच्या दुखण्यावर. 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, 78 बायका, अर्ध्यांना खोटं औषध. औषध चालू असताना दोन्ही गटांच्या दुखण्यात ठळक फरक दिसला नाही. 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते) पाळीच्या दुखण्यासाठीच्या चिनी औषधांच्या 39 चाचण्या होत्या. निष्कर्ष आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा यथातथाच. आणि हे सगळं दुखण्याबद्दल. तुमची तक्रार रक्तस्रावाची आहे.

त्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल विचारा (आधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ते नाही). नको असेल तर हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवतात, पाळी खूप कमी होते. मेफेनॅमिक ॲसिड दुखण्याच्या दिवसांत नियमित घेतलं तर रक्तही थोडं कमी जातं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तासाला एक पॅड भिजायला लागलं, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन महिन्यांची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.

– प्रसूतिका

*

कशाला ते चिनी झंझट, आपलं शतावरी कल्प घ्या, डिंकाचे लाडू खा, महिन्यात फरक.

– गावरान

*

गावरान, शतावरीने जास्त जाणारी पाळी थांबत नाही हो. आणि डिंकाच्या लाडवात लोह असेल तर खारीक-अळिवाचं. ते थेट अळीवच खा की.

शिंचूकर ताई, मी आयुर्वेदाची वैद्य, त्यामुळे बाहेरूनच बघतेय. चारांपैकी शू-ती आणि पाय-शाओ पोषण करणारी, तांग-क्वेइ आणि छ्वान-श्योंग रक्ताला चाल देणारी, अशी त्यांची मांडणी आहे. ज्या बाईची पाळी कमी, उशिरा, दुखरी, तिला चाल देणं बरोबर वाटतं. ज्या बाईचं थांबतच नाही तिला आमच्याकडे अशोक, लोध्र अशी स्तंभन करणारी (रक्त थांबवणारी) औषधं विचारात घेतात. तुम्ही दुसऱ्या प्रकारात बसता. अशोकारिष्टही मनानेच सुरू करू नका, आणि दोन्ही एकत्र तर नकोच.

– वैद्य_वाई

*

तैपेईत बरीच वर्षं राहिलेय, माझ्या कार्यालयातल्या मुली हा काढा कॉफीसारखा पितात, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे वैद्यताई म्हणाल्या तेच इथले चिनी वैद्यही म्हणतात. पाळी चालू असताना पिऊ नका, पाळी जास्त जात असेल तर मुळीच नाही, हे इथल्या शाळकरी मुलीलाही ठाऊक असतं. मालकीणबाईंना बहुधा तुम्ही “फार थकवा येतो” एवढंच सांगितलं असेल. “फार जातं” म्हणून बघा, त्या स्वतःच पुड्या परत नेतील. नाही म्हणायची वेळच येणार नाही.

गंमत अशी की हा काढा मुळात पाळीचा नव्हताच. चीनच्या थांग राजवटीतल्या एका हाडवैद्यकाच्या ग्रंथात तो पडझडीच्या जखमांसाठी दिलाय. नंतरच्या सोंग राजवटीत सरकारी औषधालयाच्या संहितेत आला आणि तिथून बायकांचा झाला. त्याच्याही आधीचा, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या चांग चोंगचिंग या वैद्यांच्या ग्रंथातला एक काढा आहे, च्याओ-आय-थांग. त्यात हीच चार मुळं (रेहमानिया तेवढं न वाफवलेलं), आणि वर मुगवर्ट (दवण्याच्या जातीची वनस्पती), ज्येष्ठमध नि गाढवाच्या कातड्याचा डिंक. जास्त जाणाऱ्या पाळीसाठी वैद्य हाच काढा देतात. शाकाहारी असाल तर आधीच विचारलेलं बरं, कारण च्याओ म्हणजे तो कातड्याचा डिंकच, आणि पुडीत नुसता चॉकलेटी खडा दिसतो.

उलट थाओ-होंग-स-वू हा भाऊबंद चुकूनही घेऊ नका. त्यात चार मुळांवर पीचच्या बिया आणि करडईच्या पाकळ्या. हो, आपली सोलापूर-मराठवाड्यातली करडईच. तो रक्ताला अजून चाल देतो. दुकानात दोन्ही पुड्या शेजारी शेजारी असतात.

घ्यायचंच झालं तर दुकानातून न घेता चिनी वैद्याच्या दवाखान्यात जा. तैवानचा आरोग्य विमा 1995 मध्ये सुरू झाला तेव्हापासून चिनी औषधोपचार त्यात आहेत, कार्ड चालतं. ते नाडी बघून सुकी पावडर देतात, चमच्यासकट, दिवसाच्या पुड्या बांधून. फायब्रॉइड, लोहाच्या गोळ्या, मेफेनॅमिक, सगळं सांगा.

– दादाओचंगकर

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी फोनवर भाषांतर लावून मालकीणबाईंना सांगितलं. “फार जातं” हे ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुड्यांचा पुडका माझ्या हातातून काढूनच घेतला! सासूबाईंचा पण. वर दटावलं की आधी का नाही बोललीस.

रिपोर्टमध्ये सबम्युकोजल असा शब्द सापडला. डॉक्टरांची तारीख लवकरची घेतलीय, ट्रॅनेक्झॅमिकचंही विचारते. थायरॉइड तपासलेलं नव्हतं. प्रसूतिका ताई, लोहाची गोळी रोज उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचालाही खडा होतो. सोडून दिली तर पुन्हा तेच. काय करू?

– शिंचूकर

*

सोडू नका. एक दिवसाआड घ्या, तुमच्या डॉक्टरांना सांगून. शरीर लोह शोषतं तेव्हा हेप्सिडिन नावाचा संप्रेरक वाढतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी घेतलं जातं, त्यामुळे दिवसाआड घेतल्याने फारसं नुकसान होत नाही आणि पोटही सांभाळतं. गोळीनंतर दोन तास चहा नको, दूध नको. लिंबूपाणी चालेल. तरीही सोसलं नाही, किंवा फेरिटिन चढलंच नाही, तर शिरेतून लोह देता येतं. सबम्युकोजल असेल तर दुर्बिणीतून काढता येतो का हेही याच भेटीत विचारा, कारण तो तसाच राहिला तर भरलेलं लोह पुन्हा वाहून जाणार.

– प्रसूतिका

*

शिंचूकर, एक राहिलं. दवाखान्यात “वो छ्र सू” म्हणा, म्हणजे मी शाकाहारी. पण त्यात अंडं-दूध चालतं की नाही हे वेगळं सांगावं लागतं, आणि औषधाच्या बाबतीत ते विचारतातच असं नाही, तुम्हीच आधी बोला.

– दादाओचंगकर