मदत हवी आहे : फील्ड प्रायव्हेट, फायनल, तरी वजनपावतीतली यादी बाहेरून बदलते (जावा 17)

जिनिंग_धरणगाव :
राम राम मंडळी. कापसाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम आहे. ‘वजनपावती’ क्लासमध्ये भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, वेळ (जुना ‘डेट’) आणि कपातींची अ‍ॅरेलिस्ट. सगळं प्रायव्हेट फायनल, सेटर (फील्डची किंमत बदलणारी मेथड) एकही नाही. ओलावा 12 टक्क्यांवर गेला किंवा कपातींची बेरीज वजनापेक्षा जास्त झाली, तर कन्स्ट्रक्टरच (पावती बनवणारा कोडच) एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो.

छपाईचं प्लगइन बाहेरून घेतलेलं आहे. पावती त्याच्याकडून जाऊन आली की यादीत एक ओळ वाढलेली असते. पावती बनताना निव्वळ 2,100 किलो, पैसे देणाऱ्या मॉड्यूलला मात्र 2,058. एक्सेप्शन कुठेच नाही. गेटर (आतली किंमत बाहेर देणारी मेथड) फक्त फील्ड परत करतो. फायनल असताना हे होतं कसं?

तापीकाठ :
भाऊ, फायनलने सातबाऱ्यावरचं नाव पक्कं होतं, शेतात काय पेरायचं ते नाही. तुमच्या फील्डला दुसरी यादी लावता येणार नाही, एवढंच. गेटरमधून मूळ यादीच प्लगइनच्या हातात जाते, मग त्याने त्यात ‘अ‍ॅड’ केलं काय नि ‘क्लिअर’ केलं काय, तुमची तपासणी केव्हाच होऊन गेलेली असते. हा नुसता बग नाही, शेतकऱ्याच्या पैशाला हात घालायची वाट आहे.

आणि फक्त गेटर बघू नका. कन्स्ट्रक्टरला यादी ज्याने दिली, त्याच्याकडेही तिचा रेफरन्स (त्याच यादीकडे नेणारा दुवा) राहतोच. म्हणून आत घेताना प्रत करा. क्रम महत्त्वाचा : आधी प्रत, मग त्या प्रतीवर तपासणी. उलट केलं तर तपासणी आणि प्रत यांच्या मधल्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारं दुसरं काम) मूळ यादी बदलू शकतो, आणि न तपासलेला माल आत येतो.

‘डेट’चं तेच. ‘सेटटाइम’ मारून वेळ कोणीही बदलू शकतं. आलेल्या डेटवर ‘क्लोन’ (प्रत काढणारी मेथड) वापरू नका. डेट फायनल क्लास नाही, समोरचा स्वतःचा सबक्लास (डेटवरून बनवलेला क्लास) पाठवून ‘क्लोन’मधून हवं ते परत देऊ शकतो. ‘गेटटाइम’चा आकडा घेऊन नवा डेट बनवा. त्याहून बरं, ‘इन्स्टंट’ वापरा. जावा 8 पासून आहे आणि तो बदलतच नाही.

जिनिंग_धरणगाव :
गेटरमध्ये ‘कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट’ (यादीवर न बदलता येणारं आवरण) लावलं तर पुरेल का? दर वेळी प्रत केल्याने काटा हळू चालेल अशी भीती आहे.

केळीबाग_रावेर :
पुरणार नाही. ती प्रत नाही, खिडकी आहे. मूळ यादी ज्याच्याकडे आहे त्याने बदल केला की खिडकीतून तो दिसतोच. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘लिस्ट.कॉपीऑफ’ (न बदलणारी प्रत, जावा 10 पासून) एकदाच करा, मग गेटरने तेच फील्ड बिनधास्त परत द्यावं. पाच-दहा ओळींच्या प्रतीचा वेळ काट्यावर जाणवणार नाही. यादीत नल (रिकामी जागा) असेल तर ती तिथेच नलपॉइंटर एक्सेप्शन फेकते. तुमच्या कामाला ते चांगलंच.

खरी मेख पुढे आहे : प्रत वरवरची असते. ‘कपात’ला ‘सेटकिलो’ असेल तर यादी बंद, पण आतला आकडा उघडाच. कपातला रेकॉर्ड (सगळी फील्ड फायनल असलेला क्लास) करा. पण रेकॉर्डवरही आंधळा भरवसा नको, त्यात यादी किंवा अ‍ॅरे ठेवला तर तो आपणहून प्रत करत नाही. वजनपावती क्लासही फायनल करा, नाहीतर सबक्लास गेटरच बदलेल.

अ‍ॅरेची तर गोष्टच वेगळी. लांबी शून्य नसेल तर अ‍ॅरे कधीच न बदलणारा नसतो, ‘पब्लिक स्टॅटिक फायनल’ लिहिलं तरी. 1997 मध्ये जेडीके (जावाचा संच) 1.1.1 मध्ये हेच सापडलं होतं : ‘गेटसायनर्स’ मेथड सही करणाऱ्यांचा आतला अ‍ॅरेच परत द्यायची, आणि अ‍ॅपलेट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम) त्यात विश्वासू सहीकर्ता भरून घेऊ शकायचं. उपाय एवढाच होता की अ‍ॅरेची प्रत परत द्यायची.

स्पॉटबग्ज (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) चालवा. ‘ईआय एक्स्पोज रेप’ ही खूण गेटरसाठी, ‘रेप टू’ आत घेतानासाठी.

तापीकाठ :
एक राहिलं. प्लगइन त्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत) चालत असेल तर रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅमचे क्लास आतून तपासायच्या सोयीने) प्रायव्हेटही उघडता येतं. सिक्युरिटी मॅनेजरच्या (कोडला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या जावाच्या पहारेकऱ्याच्या) भरवशावर बसू नका. जावा 17 मध्ये तो काढायच्या यादीत गेला, 24 मध्ये कायमचा बंद झाला. प्लगइनवर विश्वास नसेल तर ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. त्याला फक्त मजकूर द्या, परत काही घेऊ नका. पैसे देणाऱ्या मॉड्यूलने पावती थेट तुमच्याकडून घ्यावी, छपाईच्या हातून नाही.

जिनिंग_धरणगाव :
‘कॉपीऑफ’ लावलं. पहिल्याच छपाईला ‘अनसपोर्टेडऑपरेशन’ एक्सेप्शन आलं आणि स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठून आली त्या नोंदीत) ओळ सापडली : प्लगइन ‘क्विंटलमागे 2 किलो कट्टी’ (वजनातली सरसकट कपात) हा स्वतःचा डिफॉल्ट आमच्याच यादीत ‘अ‍ॅड’ करत होतं. 21 क्विंटलला 42 किलो, आकडा तंतोतंत जुळतो. जुन्या पावत्या आता काट्याच्या मूळ नोंदींवरून परत काढतोय. फरक निघेल तेवढे पैसे शेतकऱ्यांना द्यायचे आहेत.