तिलापिया गिरक्या घेतोय, डोळे बाहेर आलेत – मदत हवी आहे

सोलापूर जिल्ह्यात अस्तरीकरण केलेलं शेततळं आहे, 30 बाय 30 मीटर. गिफ्ट तिलापिया (तिलापिया माशाची सुधारित जात), वजन साधारण 300 ग्रॅम. ऊन वाढल्यापासून रोज थोडी मरतूक आहे. मासा आधी कळप सोडतो, कडेला येतो, अंग वाकडं करून एकाच जागी गिरक्या घेतो. डोळे बाहेर आलेले, त्यावर पांढरट पडदा. पोट चिरलं की पाणी निघतं. अंगावर जखमा नाहीत, उवाही दिसत नाहीत.

दुपारी पाणी 32 अंश, सामू (पीएच) 8. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू असतो, पहाटे मासे वर तोंड काढत नाहीत, म्हणजे ऑक्सिजन कमी पडत नसावा. पाणी बदललं, पोटॅशियम परमँगनेट टाकलं, खाद्य निम्म्यावर आणलं. मरतूक कमी झाली, थांबली नाही. लक्षणांवरून स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय आहे.

दुकानदार खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक द्यायला सांगतोय. पण आजारी मासा खातच नाही, आणि महिन्याभरात माल बाजारात न्यायचाय. लोकांच्या ताटात जाणारा मासा आहे, तपासणीशिवाय अँटिबायोटिक घालणार नाही.

तपासणीला आजारी मासा जिवंत न्यावा की बर्फात? प्रयोगशाळा दूर असेल तर किती तासांत पोचायला हवा? आणि अहवाल येईपर्यंत खाद्य पूर्ण बंद ठेवावं का?