मदत हवी आहे: मुलांच्या अवकाशयान सिम्युलेटरला सामान मिळतंय, माणसं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

प्रश्न शीर्षकातच आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. त्यामुळे थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चार पालक आणि एक विज्ञानशिक्षक मिळून एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत सिम्युलेटर, म्हणजे मुलांनी बसून मोहीम खेळायचं खोटं यान, उभा केला. जुने पाच संगणक, एक प्रोजेक्टर, पुठ्ठे, काळे पडदे. त्यावर 'एम्प्टी-एप्सिलॉन' हा मोफत, मुक्तस्रोत खेळ चालतो. एक जण यान हाकतो, एक इंजिनं बघतो, एक आजूबाजूच्या वस्तू तपासतो, एक बाहेरच्यांशी बोलतो. इंजिनवाल्याने एखाद्या यंत्रणेची शक्ती वाढवली की ती तापते, मग दुसरीकडचं कूलंट (थंड ठेवणारा द्रव) काढून तिथे वळवावं लागतं. सगळ्यात गंमत म्हणजे कॅप्टनला दाबायला एकही बटण नसतं. त्याने नुसतं बघायचं, ऐकायचं आणि सांगायचं. (क्षेपणास्त्रांची खुर्चीही आहे. त्यावर काही पालकांनी नाकं मुरडली, म्हणून आमच्या मोहिमांमध्ये शत्रूच ठेवले नाहीत. भरकटलेलं यान शोधा, बिघडलेल्या केंद्राला मदत पोचवा, असलं काही.)

पडद्यापलीकडे नियंत्रण कक्ष. मंगळाच्या मोहिमेत दोन्हीकडची मुलं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, चिठ्ठी पेटीत टाकायची आणि ती चार मिनिटांनीच उघडायची. प्रत्यक्षात पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे चार मिनिटं तशी दयाच म्हणायची. पहिल्यांदा नियंत्रण कक्षातून चिठ्ठी गेली, "दार उघडू नका." ती पोचेपर्यंत दार उघडून, हवा जाऊन, रडारड होऊन गेली होती. तिसऱ्या मोहिमेला त्याच मुलांची चिठ्ठी अशी होती: "हे वाचताना तापमान ८० च्या वर असेल तर अणुभट्टी बंद करा. खाली असेल तर काही करू नका आणि आकडा कळवा." हे आम्ही शिकवलं नव्हतं.

आता रडगाणं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आवाहन केलं तेव्हा १४ जणांनी नावं दिली. चार महिन्यांत उरलो दोघं, मी आणि ते शिक्षक. मोहिमा लिहिणारा दादा नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला आणि त्याने काय कुठे लिहून ठेवलंय ते कुणालाच ठाऊक नाही. मागच्या महिन्यात मोहीम मध्येच अडकली. अंधारात १२ मुलं, आणि मी मोबाइलच्या उजेडात फायली उघडून बघतेय. सामान मात्र येतच असतं. लोकांनी नऊ मॉनिटर आणून ठेवले, त्यातले चार चालतात, केबल एकाचीही नाही. त्यात शाळेने सांगितलंय की पुढच्या सत्रापासून खोली लागेल.

तर, माणसं कशी जोडायची आणि जोडलेली कशी टिकवायची? खोली गेली तर काय? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

आधी अभिनंदन. चिठ्ठीचा किस्सा झकास.

चॅलेंजर केंद्रांबद्दल वाचलंय का? 'चॅलेंजर' या अवकाशयानाच्या १९८६ च्या अपघातात गेलेल्या सात जणांच्या कुटुंबीयांनी त्याच वर्षी ती संस्था काढली. मुलांना मोहीम करायला मिळावी हेच त्यांना स्मारक वाटलं. पहिलं केंद्र ह्यूस्टनला १९८८ मध्ये सुरू झालं. तिथेही तुमच्यासारख्याच दोन खोल्या असतात, अर्धी मुलं यानात, अर्धी नियंत्रण कक्षात, आणि मध्यावर अदलाबदल. अदलाबदल तुम्ही करता का? नसाल तर जरूर करा. पलीकडच्यांना आपली चिठ्ठी वाचून काय वाटत असेल ते त्याशिवाय कळत नाही.

माणसांबद्दल म्हणाल तर पालकांनाच एकदा यानात बसवा. बाहेर खुर्च्या लावून बघण्यात आणि आत घाम फुटण्यात फरक आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी अर्धवट सहमत. पालक एकदा बसतात, फोटो काढतात, "फार छान उपक्रम" म्हणतात आणि जातात. अनुभवाचे बोल आहेत.

रागावू नका, पण एक सांगतो. तुमच्या यानात कॅप्टनला बटण नसतं असं तुम्हीच लिहिलंय आणि तुम्ही स्वतः मात्र सगळ्या खुर्च्यांवर बसलाय. १४ जण आले तेव्हा त्यांना नेमकं काय काम होतं? "येऊन मदत करा" हे काम नव्हे. माणूस येतो, कोपऱ्यात उभा राहतो, दोनदा वायर धरतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला बरं नसतं.

आता एक गोष्ट. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या जेमतेम काही दिवस आधीच्या सरावात डिक कूस या सराव-प्रमुखाच्या चमूने मुद्दाम संगणकाचा धोक्याचा इशारा सोडला. स्टीव्ह बेल्स या नियंत्रकाने चंद्रावर उतरणं रद्द करायला लावलं. नंतरच्या चर्चेत त्याला सांगितलं गेलं की रद्द करायची गरज नव्हती. मग जॅक गारमन या संगणक-अभियंत्याने सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून काढली. २० जुलै १९६९ ला खरोखरच १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे इशारे आले, यादी समोर होती, आणि यान उतरलं.

तुम्हाला कूस हवे आहेत! बिघाड करणारी माणसं. एक वही करा आणि ओळखीतल्या प्रत्येकाकडून त्याच्या धंद्यातला एकच बिघाड मागा. वायरमन, परिचारिका, गाडी दुरुस्त करणारा, हिशेब तपासणारी, कुणीही. "स्वयंसेवक हवेत" म्हटलं की लोक मान खाली घालतात. "अंधारात फ्यूज कसा शोधायचा हे मुलांना १५ मिनिटं दाखवाल का" म्हटलं की येतात, कारण ते त्यांना येतं. आणि आपण पेरलेला बिघाड मुलं कशी सोडवतात ते बघायला पुढच्या वेळी न बोलावता येतात.

दुसरं, मोठी झालेली मुलं. अमेरिकेत युटामधल्या प्लेझंट ग्रोव्ह इथे १९९० मध्ये एका प्राथमिक शाळेतच असं यान सुरू झालं, आणि तिथली कामं बरीचशी किशोरवयीन स्वयंसेवकच सांभाळत आले. तीन वर्षांपूर्वीची तुमची मुलं आता केवढी असतील? त्यांना खुर्ची द्या.

प्रतिसाद ३

तांत्रिक बाजूवर थोडंसं. त्या खेळातल्या मोहिमा लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितात आणि त्या साध्या मजकुराच्या फायली असतात. म्हणजे त्या दादाचं काम हरवलेलं नाही, वाचायला कुणी बसलेलं नाही इतकंच. फायलींची प्रत दोन जागी ठेवा. सुरू कसं करायचं आणि अडकलं तर काय करायचं ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. तो कागद बघून नवख्या माणसाने एकट्याने मोहीम सुरू करून दाखवली तरच तो कागद खरा.

वीज गेली किंवा संगणक रुसले तर हाताशी बिनसंगणकाची मोहीम असू द्या. अपोलो १३ चा प्रसंग घ्या. एप्रिल १९७० मध्ये बिघाडामुळे अंतराळवीरांना चांद्रयानात आसरा घ्यावा लागला, पण मुख्य यानातले हवा शुद्ध करणारे डबे चौकोनी होते आणि चांद्रयानातली जागा गोल. पुठ्ठा, पिशवी, नळी आणि चिकटपट्टीने जोड बनवला गेला. नियंत्रण कक्षातल्या मुलांनी तो बनवायचा आणि यानातल्यांना नुसतं बोलून सांगायचं, दाखवायचं नाही. अर्धा तास कुठे जातो कळत नाही. शिवाय ही मोहीम एका खोक्यात मावते, म्हणजे खोलीचा प्रश्न अर्धा सुटला. उरलेल्यासाठी टेबलांना चाकं लावा.

अवांतर पण महत्त्वाचं: खोलीत कायम दोन मोठी माणसं असावीत, एकट्याने मोहीम घेऊच नका. आणि लुकलुकणारे दिवे लावत असाल तर आधी पालकांना विचारा, फेफऱ्याचा त्रास असलेल्या मुलांना त्याने झटका येऊ शकतो.

प्रतिसाद ४

माझ्याकडे दोन मॉनिटर पडून आहेत. कुठे पाठवू?

धागाकर्ती

प्रतिसाद ४, अहो नको! बाकी सगळ्यांचे आभार. कॅप्टनचं बटण लागलं, पण बरोबर आहे. अदलाबदल आम्ही करत नव्हतो, आता करू.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

खबर द्यायला आलेय. बिघाडांची वही सुरू केली. पहिला बिघाड एका मुलीच्या वडिलांनी दिला, ते कारखान्यात विजेची कामं बघतात. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: "यंत्र नीट आहे, काटा खोटं बोलतोय." नियंत्रण कक्षातला तापमानाचा आकडा आम्ही मागून टाइप करतो, तो ९५ करून ठेवला. यानातला खरा आकडा ४० होता. २० मिनिटं मुलं थंड अणुभट्टी आणखी थंड करत होती, तिकडे दुसरं इंजिन कूलंटविना तापून बंद पडलं. शेवटी एका चिठ्ठीत प्रश्न आला, "तुमच्याकडे किती दिसतंय?" पडद्यामागे ते गृहस्थ तोंडावर हात दाबून हसत होते. पुढच्या शनिवारी आपणहून आले, स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन.

वहीत सध्या सहा बिघाड आहेत. जुन्या मुलांपैकी तिघं यायला तयार आहेत, त्यातली एक कागद बघून मोहीम सुरू करण्याच्या परीक्षेत नापास झाली, म्हणजे कागद नापास झाला. तो परत लिहितोय. खोलीचं काही ठरलेलं नाही, टेबलांना चाकं लागली आहेत.

लुआ येणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आठवड्याला एक तास पुरे. मॉनिटर नकोत. केबल चालतील.